४२९ची पाटी आणि थांबण्याचे शास्त्र

२०२१च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रात्री उशिरापर्यंत एकच उद्योग चाले. मोबाइलवर कोविनचे पान उघडायचे, पिनकोड टाकायचा, जागा दिसते का पाहायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. १८ ते ४४ या वयोगटाची नोंदणी २८ एप्रिलला सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी देशभरात एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. नाव नोंदवणे जमत होते. अडचण होती ती स्लॉट मिळण्याची. केंद्रावरचे स्लॉट खुले होत आणि बघता बघता संपून जात. त्या दिवसांत अनेकांच्या मदतीला आले ते टेलिग्रामवरचे जिल्हावार चॅनेल. अमुक केंद्रावर इतके डोस शिल्लक आहेत, असा संदेश तिथे येई आणि लोक घाईघाईने कोविनकडे वळत.

हे संदेश कोणी माणूस बसून टाइप करत नव्हता. काही प्रोग्रामर मंडळींनी फावल्या वेळात लिहिलेले छोटे प्रोग्राम ते काम करत होते. एका बाजूने कोविनला विचारायचे आणि दुसऱ्या बाजूने टेलिग्रामला सांगायचे, इतकेच त्यांचे काम. पण दोन्हीकडच्या दारांवर पहारा होता. कोण आले आहे, हे विचारणारा एक पहारेकरी आणि किती वेळा आलात, हे मोजणारा दुसरा. या दोघांशी जुळवून घेता आले नाही, की प्रोग्राम गप्प होई आणि त्याच्या भरवशावर बसलेल्या हजारो लोकांना त्याचा पत्ताही लागत नसे.

समाजमाध्यमांवर येणारे पावसाचे इशारे, भूकंपाच्या सूचना, लोकल गाड्यांच्या उशिराच्या बातम्या किंवा साथीच्या रोगांचा माग काढणारे संशोधन, या सगळ्यांची वाट याच दोन पहारेकऱ्यांसमोरून जाते. म्हणून ते कसे वागतात आणि का अडवतात, हे समजून घेणे केवळ संगणकवाल्यांपुरते उरलेले नाही.

खिडकी, ओळख आणि मोजणी

एका संगणक प्रणालीने दुसऱ्या प्रणालीसाठी उघडलेली खिडकी म्हणजे एपीआय. बँकेत ग्राहक थेट तिजोरीपाशी जात नाही. तो खिडकीवर ठरावीक नमुन्यातली स्लिप देतो आणि आतून उत्तर येते. तसेच इथे होते. ‘पुणे जिल्ह्यात उद्या कुठे जागा आहेत?’ असा प्रश्न ठरलेल्या नमुन्यात पाठवायचा, की ठरलेल्याच नमुन्यात उत्तर मिळते. समाजमाध्यमांच्या खिडक्यांवर नवा संदेश टाकणे, जुने संदेश वाचणे, एखाद्या शब्दाचा शोध घेणे अशी कामे होतात.

खिडकीवर काम अडले, तर आतून एक तीन आकडी क्रमांक येतो. ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे हे काम करायची तुम्हाला परवानगी नाही. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलेत, आता थांबा. हे तीन आकडे वेगवेगळी दुखणी सांगतात आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. तापाला आणि मोडलेल्या हाडाला एकच गोळी चालत नाही. तरीही नवखे प्रोग्रामर तिन्हींवर एकच इलाज करून पाहतात : पुन्हा पाठव. ४०१ आणि ४०३ला त्याचा काडीचा उपयोग नसतो आणि ४२९ असेल तर दुखणे वाढते.

४२९ हा क्रमांक इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने एप्रिल २०१२मध्ये अधिकृत केला. त्याआधी ट्विटरने स्वतःचाच एक क्रमांक वापरात आणला होता, ४२०. त्याच्यासोबत ‘जरा शांत व्हा’ अशा अर्थाचा संदेश येई. तो ‘डिमॉलिशन मॅन’ या १९९३च्या चित्रपटातल्या संवादावरून घेतलेला होता. ४२० म्हटले की भारतीय वाचकाला जे आठवते, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

तीन सेकंदांचा हिशेब

कोविनच्या सार्वजनिक एपीआयला एक अट होती. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या एका जोडणीवरून, पाच मिनिटांत जास्तीत जास्त १०० विचारणा. सरासरी काढली तर तीन सेकंदांना एक. वरवर पाहता ही मर्यादा सैल वाटते. पण महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांसाठी प्रत्येकी एकदा विचारायचे म्हटले, तरी एका फेरीला १०८ सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मिनिटे. देशातल्या सातशेहून अधिक जिल्ह्यांची फेरी एकाच जोडणीवरून करायची तर ३५ मिनिटे जातील. तोवर स्लॉट येऊन संपलेलेही असतील.

अशा वेळी मोह होतो तो विचारण्याचा वेग वाढवण्याचा. वेग वाढवला की ४२९ किंवा सरळ बंदी पदरी पडते. टिकलेल्या प्रोग्रामनी वेग वाढवण्याऐवजी प्रश्न कमी केले. ज्या जिल्ह्यासाठी कोणीच नाव दिलेले नाही, त्याची विचारणा बंद केली. एका जिल्ह्यासाठी हजार जण थांबले असतील, तरी हजारदा न विचारता एकदाच विचारून उत्तर सगळ्यांना दिले. मागच्या उत्तरापेक्षा काही बदलले असेल, तरच संदेश पाठवला. गावात टँकर कधी येणार, हे प्रत्येक घराने स्वतंत्रपणे फोन करून विचारण्यापेक्षा एकाने विचारून वाडीला सांगावे, तसेच हे.

दुसऱ्या दारावरचे गणितही असेच होते. टेलिग्रामच्या नियमांनुसार एक बॉट वेगवेगळ्या लोकांना सेकंदाला साधारण ३० संदेश पाठवू शकतो. एका जिल्ह्यातल्या ५० हजार लोकांना स्वतंत्र संदेश पाठवायचा तर सुमारे २८ मिनिटे लागतील. यादीत शेवटी नाव असलेल्याला बातमी मिळेपर्यंत केंद्रावरचे डोस संपून गेलेले असतील. चॅनेलवर मात्र संदेश एकदाच टाकावा लागतो आणि तो सगळ्या सदस्यांना दिसतो. जिल्हावार चॅनेलची पद्धत लोकप्रिय झाली, त्यामागे या आकडेमोडीचाही वाटा होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात कोविनच्या एपीआयच्या अटी बदलल्या. उपलब्ध जागांची माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकेल, असे सांगण्यात आले आणि परदेशातल्या सर्व्हरवरून येणाऱ्या विचारणा अडवल्या जाऊ लागल्या. त्यातून एक चमत्कारिक दुखणे उद्भवले. प्रोग्राम पुण्यातल्या लॅपटॉपवर ठणठणीत चाले आणि भाड्याच्या सर्व्हरवर चढवला की ४०३ येई. पहिला संशय साहजिकच स्वतःच्या प्रोग्रामवर जातो. तासन्‌तास त्याच्या ओळी तपासल्या जातात. खरे कारण असे, की भाड्याचा स्वस्त सर्व्हर अमेरिकेत किंवा युरोपात होता. तीच विचारणा दोन ठिकाणांहून करून पाहिली, की निदान पक्के होते. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर घेतला की दुखणे जाते.

या मर्यादांवर तेव्हा टीका झाली, पण त्यांची दुसरी बाजूही होती. ज्याच्याकडे प्रोग्राम लिहिणारा मित्र आहे, त्याला स्लॉट आधी कळत होता आणि साधा फोन वापरणाऱ्याला कळतच नव्हता. केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबल्याने वंचितांचे काय होईल, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१च्या आदेशात उपस्थित केला होता. मोजणीचा पहारेकरी नसता, तर ही दरी आणखी रुंदावली असती. मर्यादा ही अडचण असते, तशीच ती रांगेची शिस्तही असते.

बादली आणि पंप

मोजणी कशी होते, याचे काही प्रकार आहेत. सर्वांत सोपा प्रकार ठरावीक कालखंडाचा. पाच मिनिटांचा खंड सुरू झाला की मोजणी शून्यापासून. यात एक फट राहते. कोणी खंडाच्या शेवटच्या सेकंदाला १०० विचारणा केल्या आणि नव्या खंडाच्या पहिल्या सेकंदाला आणखी १००, तर नियम न मोडता दोन सेकंदांत २०० विचारणा होतात. म्हणून अनेक ठिकाणी ‘टोकन बकेट’ ही पद्धत वापरतात. एका बादलीत ठरावीक वेगाने टोकन पडत राहतात, प्रत्येक विचारणेला एक टोकन खर्च होते आणि बादली भरली की वरचे टोकन वाया जातात. गच्चीवरच्या टाकीसारखीच ही व्यवस्था आहे. साठा असेपर्यंत नळ जोरात सोडता येतो, टाकी रिकामी झाली की जितके पाणी येते तितकेच वापरावे लागते.

काही कंपन्या प्रत्येक कामाला वेगळी किंमत लावतात. यूट्यूबच्या एपीआयला दिवसाला १०,००० एककांचा कोटा मिळतो. एका व्हिडिओची माहिती विचारली तर एक एकक खर्च होते. शब्द टाकून शोध घेण्याची किंमत मात्र बराच काळ १०० एकके राहिली आहे. त्या दराने शंभर शोध घेतले की दिवस संपला. हा दिवसही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री उगवतो. भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दुपारी दीड. आपल्या मध्यरात्री कोटा नव्याने मिळेल, असे गृहीत धरणारा प्रोग्राम रोज सकाळी का अडतो, याचे कोडे इतक्या साध्या कारणाने सुटते.

४२९ आल्यावर काय करायचे, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच उत्तरात असते. किती सेकंदांनी परत या, हे खिडकी स्वतःच सांगते. ट्विटरची एपीआय प्रत्येक उत्तरासोबत तीन आकडे देते : एकूण मर्यादा किती, उरल्या किती आणि मोजणी पुन्हा शून्यावर कधी येणार. तिसरा आकडा १ जानेवारी १९७०पासून मोजलेल्या सेकंदांत असतो आणि तो जागतिक प्रमाणवेळेचा असतो. त्याचे भाषांतर भारतीय वेळेत करताना साडेपाच तासांचा घोळ झाला, की प्रोग्राम एक तर उगाचच साडेपाच तास झोपून राहतो, नाही तर अजिबात न थांबता पुन्हा दारावर धडकतो.

किती थांबायचे हे खिडकीने सांगितलेच नाही, तर ते स्वतःच ठरवावे लागते. इथे उपयोगी पडते ती दुपटीची युक्ती. पहिल्यांदा अडवले तर एक सेकंद थांबायचे, मग दोन, मग चार, मग आठ. पण तेवढेही पुरत नाही आणि त्याचे कारण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला संगणकवाल्यांपेक्षा लवकर कळेल. गावात वीज गेली आणि परत आली, की ऑटो स्टार्टर लावलेले सगळे कृषिपंप एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्रावर इतका भार येतो की ते जळते. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढून टाकण्याचे आवाहन सतत करत असते. सर्व्हरचेही तसेच. एकाच क्षणी अडवलेले हजार प्रोग्राम बरोबर एका सेकंदाने, मग बरोबर दोन सेकंदांनी एकदमच परत आले, तर गर्दी हटत नाही. म्हणून थांबण्याच्या काळात प्रत्येकाने थोडी मनमानी भर घालायची. कोणी पावणेदोन सेकंद थांबेल, कोणी सव्वादोन. सगळे पांगतात आणि दार मोकळे होते. ही कल्पना समाजमाध्यमांच्या बरीच आधीची आहे. एकाच तारेवर अनेक संगणक बोलू लागले तर संदेशांची टक्कर कशी टाळायची, या प्रश्नावर १९७०च्या दशकात इथरनेटच्या निर्मात्यांनी हेच उत्तर शोधले होते.

किल्ली नको, गेटपास द्या

आता दुसरा पहारेकरी, ओळख विचारणारा. ट्विटरने आपली एपीआय सप्टेंबर २००६मध्ये खुली केली, तेव्हा ओळख पटवण्याची रीत फार भाबडी होती. एखादे तिसऱ्याचे ॲप वापरायचे, तर आपले ट्विटरचे नाव आणि पासवर्ड त्या ॲपला देऊन टाकायचा. पाहुण्यांना अंगणात बसू द्यायचे म्हणून कपाटासकट अख्ख्या घराची किल्ली हाती द्यावी, असला हा प्रकार. ॲप चोराच्या हाती गेले तर पासवर्ड गेला. एका ॲपला बंद करायचे तर पासवर्ड बदलावा लागे आणि मग बाकीची सगळी ॲपही बंद पडत.

यावर उपाय म्हणून ‘ओऑथ’ ही पद्धत तयार झाली. तिची चर्चा २००६च्या अखेरीस ट्विटरमध्येच सुरू झाली आणि पहिला मसुदा २००७मध्ये पक्का झाला. तिचे सूत्र असे : ॲपने पासवर्ड मागायचा नाही. वापरकर्त्याला मूळ संकेतस्थळावर पाठवायचे. तिथे त्याने स्वतः लॉगिन करायचे आणि या ॲपला काय काय करू द्यायचे ते सांगायचे. मग ते संकेतस्थळ ॲपला एक टोकन देते. हे टोकन सोसायटीच्या गेटपाससारखे असते. कोणत्या इमारतीत, कोणत्या कामासाठी, किती वेळ, हे त्यावर ठरलेले आणि रखवालदाराला तेवढा एकच पास रद्द करता येतो. ट्विटरने पासवर्ड देण्याची जुनी रीत ऑगस्ट २०१०च्या अखेरीस कायमची बंद केली. त्या दिवसापर्यंत न बदललेली सगळी ॲप एका फटक्यात मुकी झाली.

सुरक्षा वाढली तशी दुखणीही नवी आली. ओऑथच्या पहिल्या पिढीत प्रत्येक विचारणेवर गणिती सही करावी लागते. त्या सहीत वेळ नोंदवलेली असते. सर्व्हरचे घड्याळ काही मिनिटे चुकीचे असले, तर किल्ल्या बरोबर असूनही ४०१ येतो. प्रोग्रामची प्रत्येक ओळ तपासून थकलेल्या माणसाला घड्याळाकडे बघायचे सुचत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक विचित्र अनुभव येऊ शकतो. तोच प्रोग्राम इंग्रजी संदेश सुरळीत पाठवतो आणि मराठी संदेशाला मात्र ४०१ मिळतो. जणू पहारेकऱ्याला मराठी माणसाची ओळखच पटत नाही. कारण भाषेचे नसते, बेरजेचे असते. सही करण्याआधी मजकुरातली प्रत्येक खूण ठरावीक सांकेतिक रूपात लिहावी लागते. इंग्रजी अक्षर आहे तसेच राहते. देवनागरी अक्षर संगणकाच्या साठवणीत तीन बाइट घेते आणि सांकेतिक रूपात त्याची नऊ चिन्हे होतात. ‘क’ला काना दिला की काना ही वेगळी खूण, तिची आणखी नऊ. हे रूपांतर प्रोग्रामने एकदाऐवजी दोनदा केले किंवा मोठ्या अक्षरांच्या जागी लहान वापरली, तर दोन्हीकडच्या सह्या जुळत नाहीत. दोष सहीत असतो, शिक्षा ओळखीला होते. निदानाची रीत सोपी आहे : आधी एकच इंग्रजी शब्द पाठवून पाहायचा, मग एकच देवनागरी अक्षर. पहिला गेला आणि दुसरे अडले, की बिघाड कुठे आहे ते कळते.

ओऑथच्या दुसऱ्या पिढीने, जी २०१२मध्ये प्रमाणित झाली, ही सहीची कटकट बरीचशी काढून टाकली. टोकन दाखवा आणि आत या. पण त्यामुळे ते टोकन बेअरर चेकसारखे झाले. ज्याच्या हातात, त्याचे पैसे. अडचण विचारताना अनेक जण त्रुटीसंदेशाचा अख्खा मजकूर चार लोकांसमोर ठेवतात आणि त्यातच टोकनही असते. तेवढ्यावर कोणीही त्यांच्या खात्यातून संदेश टाकू शकतो. म्हणून टोकन उघडे पडले की ते पुसत बसण्यापेक्षा आधी रद्द करणे हा एकच खरा उपाय आहे.

बेअरर चेकचा धोका कमी करण्यासाठी टोकनला मुदत असते. ट्विटरच्या नव्या पद्धतीत साधे टोकन दोन तास चालते, फेसबुकचे दीर्घ मुदतीचे टोकन सुमारे ६० दिवस. चाचणीत सगळे व्यवस्थित चालते, लोक टाळ्या वाजवतात आणि दोन महिन्यांनी इशारे देणारे पान एका सकाळी गप्प होते. पान बंद पडल्याचा इशारा देणारे मात्र कोणी नसते. त्यामुळे अनुभवी मंडळी टोकन संपण्याआधीच नवे घेण्याची सोय करतात आणि प्रोग्राम जिवंत आहे की नाही, हे पाहणारा दुसरा प्रोग्राम वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात.

मर्यादा कोणासाठी?

मर्यादा आणि परवानग्या इतक्या कडक का झाल्या, याचे एक मोठे कारण २०१८मध्ये जगासमोर आले. फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजूषेच्या ॲपला सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी परवानगी दिली होती. पण तेव्हाच्या नियमांनुसार परवानगी देणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती ॲपला मिळत असे. फेसबुकच्याच अंदाजानुसार त्या वाटेने केंब्रिज ॲनालिटिकापर्यंत ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंतची माहिती पोहोचली असावी. त्यानंतर इन्स्टाग्रामने आपली मर्यादा ताशी ५,०००वरून एकदम २००वर आणली. माहितीची लूट थांबवण्यासाठी ते आवश्यक मानले गेले, पण कसलीही कल्पना नसलेली अनेक प्रामाणिक ॲप त्या दिवशी कोसळली.

२०२३मध्ये हेतू बदलला. ट्विटरने २ फेब्रुवारीला, जेमतेम आठवड्याची मुदत देऊन, मोफत एपीआय बंद करण्याचे जाहीर केले. मुदत पुढे ढकलली गेली आणि मार्चअखेर नवे दर आले. मोफत स्तरावर महिन्याला १,५०० संदेश टाकण्याची मुभा राहिली, वाचण्याची जवळपास नाहीच. १०० डॉलरच्या मासिक स्तरावर महिन्याला १०,००० ट्वीट वाचता येत. याआधी संशोधकांना जानेवारी २०२१पासून महिन्याला एक कोटी ट्वीट मोफत मिळत होती. फ्लूची साथ, लसीविषयीच्या अफवा, नैराश्याची लक्षणे यांचा अभ्यास त्यावर चाले. ती वाट बंद झाली.

याहून थेट परिणाम इशाऱ्यांवर झाला. एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने आणि तिच्या त्सुनामी इशारा केंद्राने जाहीर केले, की स्वयंचलित संदेशांवरच्या नव्या मर्यादेमुळे सगळे इशारे ट्विटरवर देणे शक्य होणार नाही. वादळी दिवशी एका कार्यालयातून डझनावारी इशारे निघतात, ते दिवसाच्या ५० संदेशांत मावणार नव्हते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने त्याच महिन्यात ट्विटरवर सूचना देणेच थांबवले. मेच्या सुरुवातीला ट्विटरने सरकारी आणि सार्वजनिक सेवांच्या खात्यांना आपत्तीच्या सूचनांसाठी पुन्हा मोफत सोय दिली. जपानमध्ये १ जानेवारी २०२४ रोजी नोटो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा लाखो लोक ज्याच्यावर अवलंबून असतात, अशा एका खासगी आपत्ती-सूचना खात्याचे स्वयंचलित संदेश मर्यादा भरल्यामुळे अडले. पाठवणारा प्रोग्राम बिनचूक होता, ओळखही पटलेली होती. त्या दिवशी सांगण्यासारखे फार होते, एवढेच.

यातली मेख इथेच आहे. मर्यादा नेहमीच्या दिवसाचा अंदाज बांधून ठरवल्या जातात आणि संकट नेहमीच्या दिवशी येत नाही. म्हणून इशारे देणाऱ्या प्रोग्राममध्ये प्राधान्यक्रम असावा लागतो. दिवसाच्या कोट्यातला काही भाग राखून ठेवायचा, रोजचे तापमान किंवा शुभेच्छांचे संदेश आधी गाळायचे, लहान लहान दहा सूचना एका संदेशात बांधायच्या आणि सर्वांत तातडीच्या संदेशासाठी दुसरी वाट तयार ठेवायची. दवाखान्यात अतिदक्षता विभागातल्या काही खाटा राखीव असतात, त्यामागचा विचार वेगळा नाही.

सर्वसामान्य वापरकर्त्याच्या वाट्याला हे शब्द १ जुलै २०२३ रोजी आले. ट्विटरने एका दिवसात वाचायच्या ट्वीटवर मर्यादा घातली, साध्या खात्यांसाठी सुरुवातीला ६००. जगभरच्या लोकांना पडद्यावर ‘मर्यादा ओलांडली’ अशी सूचना दिसू लागली. तोवर केवळ प्रोग्रामर ज्याच्यावर डोके आपटत होते, ती पाटी पहिल्यांदाच सगळ्यांच्या दारावर लागली.

वाचकाने काय करावे?

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या या जगातून सामान्य माणसाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, आपण कोणाकोणाला गेटपास देऊन ठेवले आहेत, ते वर्षातून दोनदा तपासावे. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स किंवा गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची यादी असते. कधीकाळी ‘तुम्ही मागच्या जन्मी कोण होतात’ हे सांगणाऱ्या एखाद्या खेळाला दिलेली परवानगी तिथे अजून जिवंत सापडू शकते. जे ॲप ओळखीचे नाही किंवा वापरात नाही, ते काढून टाकावे. त्यासाठी पासवर्ड बदलायची गरज नाही. कोणते ॲप थेट समाजमाध्यमाचा पासवर्डच मागत असेल, तर ते लगेच बंद करावे.

दुसरी, जिवावर बेतणाऱ्या सूचनेसाठी एकाच समाजमाध्यमावर विसंबू नये. तिथला संदेश आला नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ होत नाही. कदाचित टोकनची मुदत संपली असेल, कदाचित त्या दिवसाचा कोटा संपला असेल. भारतात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲप आहे. २०२३मध्ये मोबाइलवर मोठा आवाज करत आलेला चाचणी संदेशही अनेकांना आठवत असेल. तो मोबाइल टॉवरवरून त्या परिसरातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी प्रसारित होतो. त्याला खाते लागत नाही, लॉगिन लागत नाही आणि फोन एक असो वा एक लाख, टॉवरला संदेश एकदाच सोडावा लागतो. फोनच्या सेटिंगमध्ये अशा तातडीच्या सूचना सुरू आहेत ना, हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. पावसाळ्याआधी घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्येही ते पाहून ठेवावे.